बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना मित्र का मिळत नाहीत, आणि कसे मिळू शकतात

डाउन सिंड्रोम असलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या आईला सहज विचारून पाहा, "याचे मित्र कोण?" नावं भराभर येतील. मामेभाऊ, शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई, व्हॅनवाले काका. माणसं सगळी मायेची. पण त्यात त्याच्या वयाचं, नात्यातलं नसलेलं आणि कोणी पाठवलं म्हणून नाही तर स्वतःला वाटलं म्हणून त्याच्याकडे येणारं कोणी आहे का, असं विचारलं की आई गप्प होते.

यात दोष त्या मुलाचा नसतो आणि आईचाही नसतो. मैत्री जुळायला काही गोष्टी लागतात. त्या बाकीच्या मुलांना आयत्या मिळतात आणि या मुलांच्या वाट्याला येत नाहीत. त्या गोष्टी कोणत्या, याचा गेली सत्तर वर्षं बराच अभ्यास झाला आहे. त्यातलं जे आपल्या शाळा-कॉलेजांत आणि सोसायट्यांमध्ये उपयोगी पडेल, ते इथे मांडतो आहे.

आधी अक्षमता म्हणजे काय ते

बौद्धिक अक्षमता ठरवताना दोन गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. पहिली, शिकण्याची, तर्क करण्याची, अडचण सोडवण्याची क्षमता. बुद्ध्यांक साधारण ७० च्या खाली असेल तर ती लक्षणीय कमी आहे असं धरतात. दुसरी, रोजचं जगणं. पैसे मोजणं, घड्याळ कळणं, बसचा बोर्ड वाचणं, समोरचा आपल्याला फसवतो आहे हे ओळखणं, स्वतःचं आवरणं, चहा करणं, ही कौशल्यं. या दोन्हींत अडचण असेल आणि ती लहानपणापासून असेल, तरच बौद्धिक अक्षमता म्हणतात. नुसता बुद्ध्यांक पाहून शिक्का मारणं चूक आहे.

कारणं अनेक. डाउन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचं एक गुणसूत्र जास्तीचं असतं. कधी जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडतो, कधी गर्भारपणात आईला संसर्ग होतो, कधी बाळाची थायरॉइड ग्रंथी नीट काम करत नाही आणि ते वेळेत लक्षात येत नाही. बऱ्याच मुलांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. हा मानसिक आजार नाही आणि गोळ्यांनी जाणारीही गोष्ट नाही. बहुतेकांची अक्षमता सौम्य असते. म्हणजे शिकायला वेळ लागतो, पण शिकता येतं, कामही करता येतं.

जगभरातल्या अभ्यासांवरून साधारण शंभरात एक माणूस असा असतो. त्या हिशेबाने २०११ साली भारतात एक कोटीहून जास्त माणसं निघायला हवी होती. जनगणनेत नोंद झाली सुमारे १५ लाखांची. काहींची तपासणीच झालेली नाही आणि काही घरांनी दारावर आलेल्या प्रगणकाला सांगितलंच नाही. एखाद्या घरातलं मूल सरकारी नोंदीतसुद्धा येत नसेल, तर ते गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कुठून येणार?

एक गैरसमज मात्र मैत्रीच्या फार आड येतो. "तो अठरा वर्षांचा आहे, पण डोकं पाच वर्षांच्या मुलाचं," असं आपण सहज बोलून जातो. चाचणीतले गुण समजावून सांगायला कधीकाळी काढलेली ही सोय होती. माणसाचं वर्णन म्हणून ती निकामी आहे. अठरा वर्षांच्या मुलाच्या मागे अठरा दिवाळ्या असतात. त्याला मिसरूड फुटलेली असते, कोणीतरी आवडत असतं, "मोठं कधी समजणार मला" हा रागही असतो. त्याला बालगीतं लावून टाळ्या वाजवायला सांगितल्या की तो वाजवतो, कारण आजवर तेच शिकवलं गेलं. त्याला खरं हवं असतं ते बाकीच्या पोरांसारखं कट्ट्यावर बसणं, वडापाव खाणं, आयपीएलच्या टीमवरून भांडणं. त्याच्याशी लहान मुलासारखं वागणाऱ्याला दादा होता येईल, ताई होता येईल, मित्र होता येणार नाही.

वाटा वेगळ्या कशा झाल्या

महाराष्ट्रात या मुलांसाठी शाळा निघाल्या त्या बहुतेक पालकांच्या आणि शिक्षकांच्या तळमळीतून. मुंबईत होरमसजी आणि जयी वकील यांनी १९४४ साली आपल्या मुलीसाठी सुरुवात केली आणि त्यातून आजची जय वकील संस्था उभी राहिली. पुण्यात १९६४ साली कामायनी सुरू झाली. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर काढलं. नेहमीच्या शाळा या मुलांना दारातूनच परत पाठवत होत्या, त्या काळातलं हे काम आहे. त्याचं मोल कमी लेखण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पण त्याची एक किंमत होती आणि ती मुलांनी मोजली. वेगळी शाळा म्हणजे वेगळी व्हॅन, वेगळी वेळ, वेगळं गॅदरिंग, वेगळी सहल. बिल्डिंगमधली बाकीची मुलं सकाळी एका बसथांब्यावर उभी राहतात, हा दुसऱ्या गाडीने जातो. संध्याकाळी ती मुलं क्लासला, हा थेरपीला. एकाच मजल्यावर पंधरा वर्षं राहूनही शेजारच्या मुलाशी याचं बोलणं "हाय" च्या पुढे जात नाही, कारण पुढे जायला कारणच पडत नाही.

कायदा आता वेगळं सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सर्वसमावेशक शिक्षणाची व्याख्याच अशी केली आहे की अक्षमता असलेले आणि नसलेले विद्यार्थी एकत्र शिकतील. सहा ते अठरा वयाच्या, ठरावीक प्रमाणाहून जास्त अक्षमता असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्याआधी २००७ मध्ये भारताने दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्यात शिक्षणाबरोबर खेळ, करमणूक आणि सांस्कृतिक जीवनात सहभागाचा हक्कही आहे. म्हणजे मित्रांसोबत मैदानावर असणं हा शिक्षणातून वेळ उरला तर करायचा प्रकार नाही, तो स्वतंत्र हक्क आहे.

तरी एका वर्गात नाव लागलं म्हणजे मैत्री झाली असं होत नाही. बालवाडीत होते, कारण तिथे घसरगुंडी सगळ्यांची असते. पाचवी-सहावीपासून मैत्रीचा पोत बदलतो. ती बोलण्यावर चालते. कोण कोणाला काय म्हणालं, कोणता व्हिडिओ पाहिला, कोणाशी बोलायचं बंद केलं. हे सगळं वेगाने, अर्धवट वाक्यांत, टोमण्यांत चालतं. शिवाय आईबाबांशिवाय बाहेर जाता येणं ही अट होऊन बसते. ज्याला बोलणं पकडायला थोडा वेळ लागतो आणि ज्याला घरचे एकटं सोडत नाहीत, तो याच वयात मागे पडतो. पालक सांगतात, "चौथीपर्यंत वाढदिवसाची बोलावणी यायची." ती थांबतात ती इथे.

दोन तासांच्या भेटीत काय चुकतं

३ डिसेंबरला, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाला, एखाद्या विशेष शाळेत जाऊन पाहा. कॉलेजची मुलं आलेली असतात. बिस्किटांचे पुडे, केळी, कंपासपेट्या. एक गाणं, एक नाच, ग्रुप फोटो. परत जाताना बरीच मुलं खरंच हेलावलेली असतात. त्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण त्या भेटीतून त्यांनी काय नेलं? "किती निरागस असतात ही मुलं" आणि "देवाने आपल्याला सगळं दिलंय." या दोन्ही वाक्यांत समोरचा मुलगा कुठेच नाही.

हे असं का होतं, याचं उत्तर गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं. त्यांच्यासमोर प्रश्न गोऱ्या-काळ्यांमधल्या दुराव्याचा होता. दोन गटांतली माणसं नुसती एकमेकांसमोर आली की पूर्वग्रह कमी होतात, ही समजूत भाबडी आहे, असं त्यांनी दाखवलं. चार गोष्टी असतील तर भेटीचा उपयोग होतो. भेटीत दोघांचा दर्जा सारखा हवा. दोघांना मिळून गाठायचं काहीतरी हवं. ते गाठताना एकमेकांवाचून अडायला हवं. आणि शाळेचा, संस्थेचा, वडीलधाऱ्यांचा त्याला उघड पाठिंबा हवा.

आता बिस्किटवाटप या चार कसोट्यांवर घासून पाहा. एक देणारा, एक घेणारा, म्हणजे दर्जा सारखा नाही. मिळून करायचं काही नाही. याच्यावाचून त्याचं काहीच अडत नाही. उरला पाठिंबा. तो आहे, पण भेटीला आहे, मैत्रीला नाही. पुढच्या वर्षी नवी बॅच येणार.

ऑलपोर्ट यांच्या विचाराची पुढे पुष्कळ तपासणी झाली. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत अक्षमता असलेल्या लोकांबद्दलचे अभ्यासही होते. संपर्काने पूर्वग्रह कमी होतो हे त्यांतून दिसलं आणि या अटी पाळल्या असतील तिथे परिणाम जास्त ठळक दिसला. दोन वर्षांनी त्यांनी पुढचा प्रश्न घेतला की हा परिणाम होतो तो कशातून. माहिती वाढल्यामुळे, भीती कमी झाल्यामुळे, की समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहता आल्यामुळे? माहितीचा वाटा सगळ्यात कमी निघाला. भीती आणि अवघडलेपण कमी होणं, आणि समोरच्याचं मन समजणं, यांचा वाटा मोठा.

शाळांसाठी हा निष्कर्ष फार कामाचा आहे. आपण हॉलमध्ये मुलांना बसवून अक्षमतेवर भाषण ठेवतो. भाषण वाईट नाही. पण सोळा वर्षांच्या मुलीला अडवणारी गोष्ट माहितीची कमतरता नसते. तिला धास्ती असते. मी बोलले आणि त्याला कळलंच नाही तर? त्याने एकदम हात धरला तर? बाकीच्या हसल्या तर? ही धास्ती व्याख्यानाने जात नाही. चार वेळा सोबत काहीतरी केलं की जाते.

एका संघात

या अटी मैदानावर कशा उतरवल्या गेल्या ते पाहण्यासारखं आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी खेळ आणि स्पर्धा भरवणारी स्पेशल ऑलिम्पिक्स ही चळवळ अमेरिकेत युनिस केनेडी श्रायव्हर यांनी उभी केली. त्यांची बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अक्षमता होती. १९६२ मध्ये युनिस यांनी मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात उन्हाळी शिबिर भरवलं. अक्षमता असलेल्या मुलांबरोबर तिथे आसपासच्या शाळा-कॉलेजांतले विद्यार्थीही बोलावले होते. १९६८ मध्ये शिकागोला पहिल्या स्पर्धा झाल्या. पुढे युनिस यांचा मुलगा अँथनी याने कॉलेजात असताना, अक्षमता असलेला आणि नसलेला अशा दोन तरुणांची जोडी जुळवून देणारा उपक्रम सुरू केला. त्यातून १९८९ मध्ये बेस्ट बडीज ही संस्था झाली.

पण मला सगळ्यात हुशारीचं वाटतं ते १९८० च्या दशकात सुरू झालेलं 'युनिफाइड स्पोर्ट्स'. यात अक्षमता असलेले खेळाडू आणि नसलेले जोडीदार एकाच संघात खेळतात. वय आणि खेळातली तयारी शक्यतो जवळपासची हवी. सात जणांच्या फुटबॉलमध्ये मैदानावर चार खेळाडू आणि तीन जोडीदार. बास्केटबॉलमध्ये तीन आणि दोन. बॅडमिंटनच्या दुहेरीत एक आणि एक. आणि जोडीदाराने सामना आपल्या हातात घ्यायचा नाही, सगळे गोल आपणच मारायचे नाहीत, हे त्या खेळाच्या तत्त्वातच आहे. प्रत्येकाच्या असण्याने संघाला फरक पडला पाहिजे, अशी अपेक्षा असते.

सराव चालू असताना हे कसं दिसतं? पहिल्या दिवशी जोडीदार मुलं फार जपून पास देतात. बॉल अलगद पायाशी सोडतात, मग "शाब्बास, शाब्बास" चा गजर. खेळाडूंना हे लगेच कळतं आणि ते ढिले पडतात. मग प्रशिक्षक ओरडतात, "अरे, नीट जोरात दे!" जोडीदार चिडून जोरात मारतो, बॉल बाहेर जातो, आणि ज्याच्याकडे तो यायचा असतो तो मुलगा कमरेवर हात ठेवून म्हणतो, "काय रे हे!" तिथून खेळ सुरू होतो. दोन-तीन आठवड्यांनी पोरांना कळलेलं असतं की हा डाव्या पायाने चांगला मारतो, त्याला दोनदा हाक मारावी लागते, तिसरा गोलकीपर म्हणून ढिम्म हलत नाही पण बॉल सोडतही नाही. ही माहिती कोणत्याही प्रमाणपत्रावर नसते. संघातल्या माणसालाच ती असते.

आता ऑलपोर्ट यांच्या अटी मोजा. जर्सी एक, म्हणजे दर्जा सारखा. गोल दोघांना हवा. एकाच्या पासशिवाय दुसऱ्याचं अडतं. आणि शाळेने मैदान, वेळ, प्रशिक्षक दिला, म्हणजे पाठिंबाही आला.

भारतात स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था २००१ पासून काम करते. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धांत जगभरातले सुमारे ७००० खेळाडू होते आणि भारतीय चमूने २०२ पदकं आणली. पेपरात पदकांचा आकडा छापून येतो. मला मात्र त्या संघांतल्या जोडीदारांचं कुतूहल वाटतं. परत आल्यावर संध्याकाळी ते कोणाला फोन करत असतील?

खेळच हवा असं अजिबात नाही. ढोलपथक, नाटकाचा ग्रुप, गणपतीची सजावट, बागकाम, भजनी मंडळ, काहीही चालेल. सजावटीत फुलं ओवायला बसवलं आणि बाकीचे मखर ठरवायला दुसरीकडे गेले, तर मात्र ते चालणार नाही.

मोठ्यांची सावली

एक अडथळा असा आहे की तो प्रेमाने उभा केलेला असतो. नेहमीच्या वर्गात या मुलासोबत बऱ्याचदा शॅडो टीचर असते, म्हणजे फक्त त्याच्या मदतीसाठी शेजारी बसणारी शिक्षिका. तिच्यावाचून काही मुलांचं खरंच भागत नाही. पण अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाच्या मायकेल जिआन्ग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अनेक वर्गांत बसून नोंदी केल्या. एकाहून अधिक अक्षमता असलेल्या मुलांच्या अगदी लगत सतत मोठं माणूस असेल, तर वर्गातली बाकीची मुलं त्या बाकाकडे फिरकत नाहीत, मुलाला मोठ्यांची सवय लागते, आणि वर्गशिक्षकही "याचं तिथे बघतायत" असं धरून चालतात, असं त्यांना दिसलं.

आपल्या घरात हेच होतं. मित्र घरी येतो. आई समोरच बसते. मित्र विचारतो, "काल मॅच बघितलीस?" आणि उत्तर आई देते. "हो हो, बघितली ना, रात्री अकरापर्यंत जागा होता." मुलगा उत्तर जुळवत असतो, तोवर विषय संपतो. पुढच्या वेळी मित्र आईलाच विचारतो. दहा सेकंद थांबणं आईला फार जड जातं, कारण वीस वर्षं तिने जगासमोर त्याचं बोलणं सांभाळलेलं असतं. तरी तिने चहा ठेवायला आत जावं आणि चहा सावकाश करावा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

मित्राला काय कळायला हवं

वाट पाहणं ही पहिली गोष्ट. प्रश्न विचारला की थांबायचं. तोच प्रश्न लगेच दुसऱ्या शब्दांत विचारला तर समोरच्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वाक्य छोटं, एका वेळी एक गोष्ट. "आपण परवा जमलं तर सहाच्या शोला जाऊ, नाहीतर रविवारी बघू," याऐवजी "शनिवारी सिनेमाला येशील? सहा वाजता." टोमणा आणि उपरोध कळेलच असं नाही. "वा, काय हुशार आहेस!" हे तो खरं धरू शकतो, आणि बाकीचे हसले की त्याला पुरतं कळतं की काहीतरी गडबड आहे.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. बौद्धिक अक्षमता असलेले बरेच जण कोणत्याही प्रश्नाला "हो" म्हणतात. समोरचा नाराज होऊ नये, आपल्याला कळलं नाही हे उघडं पडू नये, आणि आयुष्यभर "हो" म्हटल्यावरच कौतुक झालेलं असतं, म्हणून. "तुला आवडलं ना?" हो. "तुला नाही आवडलं ना?" हो. म्हणून "चहा चालेल ना?" असं विचारू नये. कप आणि सरबताचा ग्लास दोन्ही दाखवून "काय घेतोस?" असं विचारावं. आणि तो एखाद्या दिवशी "मी नाही येत" म्हणाला, तर त्याला समजावत बसू नये. नकार देता येतो हे त्याला ज्या माणसासमोर पहिल्यांदा कळतं, ते माणूस मैत्रीच्या बरंच जवळ आलेलं असतं.

तिसरी गोष्ट, खोटं जिंकवू नये. एका सोसायटीत उन्हाळ्यात कॅरम लागलेला. बौद्धिक अक्षमता असलेला एक मुलगा रोज खेळायचा आणि रोज जिंकायचा, कारण सगळे त्याला जिंकू द्यायचे. स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला तरी "असू दे, असू दे." एक दिवस कोणाची तरी पुण्याहून आलेली मावसबहीण खेळायला बसली. तिला काही माहीत नव्हतं. स्ट्रायकर आत गेला तशी ती म्हणाली, "फाउल. सोंगटी परत ठेव." तो म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "ठेव म्हणजे ठेव." बाकीची मुलं टाचांवर उभी. त्याने सोंगटी आपटून ठेवली, डाव हरला, आणि पाय आपटत वर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाली येऊन फक्त तिला शोधत होता. "काल तू राणीला कव्हर घेतलं नव्हतंस," असं त्याचं म्हणणं होतं. आणि ते खरंच होतं.

या मुलांना आपण देवाघरची फुलं करून ठेवतो. ती चिडतात, हेवा करतात, कॅरममध्ये लबाडी करतात, एखाद्याशी कट्टी घेतात. हे सगळं करायला मिळणं मैत्रीचाच भाग आहे. आणि देणंही आलंच. मित्राने फक्त मदत करायची आणि याने फक्त घ्यायची, असं चाललं की काही महिन्यांत मित्राला कंटाळा येतो आणि याला ओझं वाटतं. याला काय देता येईल ते शोधावं. बऱ्याच जणांना वाढदिवस तारखेनिशी पाठ असतात. कोणाला गाणी, कोणाला बसचे नंबर. मित्राच्या परीक्षेच्या सकाळी न चुकता येणारा फोन हेसुद्धा देणंच आहे.

घरच्यांची भीती

पालक मोकळं सोडत नाहीत यामागे कारण असतं. या मुलांना फसवणं सोपं असतं. पैसे काढून घेणं, मोबाइलवर नको ते पाठवणं, चिडवायला चित्रविचित्र गोष्टी करायला लावणं, आणि लैंगिक अत्याचार, हे सगळं घडतं. या भीतीला "अति काळजी" म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण एकटं ठेवण्याने धोका कमी होत नाही. ज्याला कोणीच नाही, त्याला गोड बोलणारा पहिला माणूसच मित्र वाटतो. जवळ चार खरे मित्र असतील तर पाचव्याचं वागणं वेगळं आहे हे जाणवतं आणि सांगायला कोणीतरी असतं. म्हणून शिकवायचं ते नेमकं. कोणाला मिठी मारायची, कोणाला हात मिळवायचा, कोणाला नुसता नमस्कार. अंगाला कुठे हात लावू द्यायचा नाही. "कोणाला सांगू नकोस" असं म्हणणाऱ्याबद्दल घरी येऊन सांगायचंच. आणि हे पंधरा वर्षांच्या मुलाला पंधरा वर्षांच्या मुलासारखं सांगायचं. शरीर, आकर्षण, प्रेम हे विषय त्याच्या घरात निघत नाहीत म्हणून त्याच्या आयुष्यात नाहीत असं नसतं.

दुसऱ्या बाजूच्या पालकांचीही एक भीती असते, ती कोणी बोलून दाखवत नाही. "आमच्या मुलाचा वेळ जाईल, दहावी आहे." त्यांना एवढंच सांगेन की मुलावर जबाबदारी टाकू नका. "त्याला सांभाळ" असं म्हणून पाठवलं की तो सांभाळणारा होतो आणि दहावीनंतर ती ड्यूटी संपते. सख्ख्या भावंडांच्या बाबतीत तर हे आणखी जपायला हवं. बहिणीला आधीच आयुष्यभराचं नातं आहे. तिला तिची मैत्रीण घरी आल्यावर दार लावून बसायची मोकळीक द्या.

अठरानंतर

खरी ओसाडी येते ती शाळा सुटल्यावर. विशेष शाळेतून बाहेर पडलं की काही जण कार्यशाळेत जातात, मेणबत्त्या, फाइली, पणत्या करतात. बरेच जण घरीच असतात. ज्या मुलांशी ओळख झालेली असते ती इंजिनीअरिंगला, नोकरीला दुसऱ्या गावी गेलेली. पालकांना सगळ्यात जास्त टोचतं ते हे की मित्र हळूहळू दिसेनासे होतात आणि मुलगा मात्र दर शनिवारी तयार होऊन बसतो.

यावर उपाय साधे आहेत, ते कोणीतरी करायला हवेत इतकंच. फोनमध्ये मित्राचं नाव त्याच्या फोटोसह ठेवलं तर वाचता न येणारा मुलगाही स्वतः फोन लावू शकतो. टाइप करता येत नसेल तर व्हॉट्सॲपवर बोलून संदेश पाठवता येतो. भेटीचा वार आणि वेळ ठरलेली असेल तर वाट पाहणं सोपं जातं, "येऊ कधीतरी" म्हटलं की रोजच वाट पाहिली जाते. बसने दोन थांब्यांवर असलेल्या मित्राकडे एकट्याने जायचं असेल तर तोच रस्ता, तीच बस, आधी सोबत, मग दहा पावलं मागून, मग एकट्याने, असं आठवडेच्या आठवडे शिकवावं लागतं. विशेष शिक्षक हे रोज करतात, त्यांना विचारावं.

आणि नोकरीसाठी गाव सोडून जाताना मित्राने गुपचूप निघून जाऊ नये. "त्याला वाईट वाटेल" म्हणून न सांगणं हे त्याला पुन्हा लहान समजणं झालं. घरी जावं, कॅलेंडरवर जायची तारीख त्याच्याच हाताने गोल करून घ्यावी, बंगळुरू कुठे आहे ते नकाशात दाखवावं, त्याला रडू आलं तर बसावं थोडा वेळ. व्हिडिओ कॉल महिन्यातून एकदाच जमणार असेल तर "रोज करतो" म्हणू नये. कोणत्या रविवारी करणार ते सांगावं, आणि त्या रविवारचा गोलही त्यालाच काढू द्यावा.